लाथ बसेपर्यंत माणूस कोणीच नसतो का? (बहुसांस्कृतिक कादंबऱ्या आणि आमचा बडोद्याचा वाचनकट्टा)

मृण्मयी_बडोदा

नमस्कार मंडळी,

बडोद्यात आमचा एक छोटा वाचनकट्टा आहे. दांडिया बाजारातल्या एका मैत्रिणीकडे रविवारी सकाळी जमतो. जुनी बडोदेकर मराठी घरं आहेत, नोकरीनिमित्त पुण्या-नाशकाहून आलेले आहेत, आणि मराठी घरात येऊन आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायला लागलेल्या गुजराती सुनाही आहेत.

या वर्षी ठरवलं की निरनिराळ्या जातींची, धर्मांची, वंशांची माणसं जिथे एकमेकांना खेटून राहतात अशाच कथा-कादंबऱ्या वाचायच्या. रोहिंटन मिस्त्रींची 'अ फाइन बॅलन्स' झाली, चिमामांडा अडिचींची 'अमेरिकाना' झाली, बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा झाली. गेल्या बैठकीत कट्ट्यावरचे एक काका वैतागून म्हणाले, "प्रत्येक पुस्तकात तेच. कोणीतरी याला घराबाहेर काढतं, तोंडावर जात काढतं, नाहीतर कातडीवरून बोलतं, आणि मग याला कळतं आपण कोण ते. लाथ बसेपर्यंत हा माणूस कोणीच नव्हता का?"

त्यावर जे पेटलं ते शेव-उसळ येऊन, खाऊन, डिशा उचलल्या तरी विझलं नाही.

मला काकांचं निम्मं पटलं. 'अमेरिकाना'तली इफेमेलू नायजेरियात होती तोवर तिला आपण 'काळे' आहोत याचा विचारच करावा लागला नव्हता. अमेरिकेत उतरल्यावर लोकांनी तिला काळी केली. हे वाचताना मी हादरले होते. पण तीच चाल पुस्तकामागून पुस्तकात दिसायला लागली की शंका येते. आधी निरागस बालपण, मग कोणाचं तरी विखारी वाक्य, मग जागृती. पूर्वग्रह हे ओळख दाखवायचं सोपं यंत्र झालंय असं मला वाटतं. माणूस काय खातो, कशावर हसतो, कोणाचा हेवा करतो, यातून तो घडत नाही का?

तुमचं मत सांगा. आणि जिथे पात्र त्याच्या अपमानापेक्षा मोठं आहे अशी पुस्तकं सुचवा. भाषेची अट नाही.

शेवउसळ

मी पयला!

चर्चेचं नंतर बघू. शेव-उसळ कुठून मागवता ते आधी सांगा.

आगाऊ_अभ्यासू

धागाकर्तीशी सहमत. बक्षीसपात्र दुःखाचं एक दुकानच आहे. 'फाइन बॅलन्स' मी एकदा वाचली, पुन्हा हात लावणार नाही. लेखक ईश्वर आणि ओम या शिंप्यांना सुखाचा एक घास देतो आणि लगेच ताट ओढतो. शेवटी ईश्वरला चाकाच्या फळकुटावर बसवून भीक मागायला लावतो तेव्हा मला लेखकाचाच राग आला.

पारिजात

अहो आगाऊ, माझी अर्धी व्हायची आहे! रहस्यभेद होतोय असं वर लिहायला काय जातं?

आगाऊ_अभ्यासू

@पारिजात, तीस वर्षं झाली ताई पुस्तकाला.

वाटसरू_उधना

'सोपं यंत्र' हे वाचून थांबलो, म्हणून लिहितोय.

बागुलांची ती कथा मी कॉलेजात वाचली आणि मग नोकरी लागली ती दक्षिण गुजरातेत. कथा घडते ती उधन्यात, सुरतेच्या शेजारी. संग्रह १९६३चा. माझं सदस्यनाम त्यामुळेच. तो निवेदक गावात येतो तेव्हा कसा येतो ते आठवून बघा. रेल्वेत नोकरी लागलेली, खिशात फार काही नाही, पण डोक्यात कविता आणि उद्याच्या जगाची स्वप्नं. हा 'कोणीच नसलेला' माणूस आहे का? उलट त्या सगळ्या कामगारांत तोच सर्वात भरलेला आहे. बाकीचेही त्याच्या बोलण्याने भारावतात. मग जात विचारली जाते, तो ती लपवतो, आणि तिथून पुढे त्याची सगळी हुशारी एकाच कामाला जुंपली जाते: पकडले जायचं नाही.

पूर्वग्रहाने त्याला ओळख दिली नाही. होती ती ओळख गोठवून टाकली. काकांना हे सांगा.

आणि दुसरं. त्याच कथेत काशिनाथ आहे. जात तीच, नोकरी तीच, समोरची माणसं तीच. तो काही लपवत नाही, ताठ उभा राहतो, अंगावर घेतो. तेच वातावरण एकाला मिटवतं आणि दुसऱ्याला धारदार करतं. अपमान हा साचा असता तर दोघे सारखे निघाले असते.

मृण्मयी_बडोदा

@वाटसरू, काशिनाथचा मुद्दा आमच्या बैठकीत कोणीच काढला नाही. छापील प्रत नेणार आहे काकांसाठी. पण मग एक प्रश्न उरतो. निवेदकाची कविता आपल्याला किती दिसते आणि मार किती दिसतो? मला तो माणूस म्हणून हवा होता, आणखी.

वाटसरू_उधना

मलाही हवा होता. बागुलांना तेवढी पानं होती का, आणि त्यांना आधी काय सांगणं भाग होतं, हेही बघा. मार न खाल्लेल्यांनी 'मार कमी दाखवा' म्हणणं ऐकायला बरं वाटत नाही. हे तुम्हाला उद्देशून नाही.

न्यूजर्सीकर

इकडे एडिसनला येईपर्यंत मी स्वतःला 'भारतीय' असं कधी म्हटल्याचं आठवत नाही. तिकडे मी आधी बडोद्याचा, मग मराठी, मग अमक्या शाळेचा. झुंपा लाहिरींच्या 'नेमसेक'मधला गोगोल कॉलेजला जाण्याआधी नाव बदलून निखिल होतो, ते वाचताना माझ्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्याला कोणी मारलं नाही, हाकललं नाही. नुसतं नाव उच्चारताना समोरचा दरवेळी अडखळतो. तेवढ्याने पण घडतो माणूस.

शेवउसळ

@न्यूजर्सीकर, आणि मंडळाच्या गणपतीत कोब्रा-देब्रा (कोकणस्थ-देशस्थ ब्राह्मण) कोण हे अजून कुजबुजत विचारतात, तेव्हा कोणती ओळख असते? :)

न्यूजर्सीकर

:) ती ओळख विमानात आधी चढते. सामानात वजन पण धरत नाहीत.

किंचित_इंदुरी

माळव्यातून एक उदाहरण देतो. मुक्तिबोध बंधू. घर मराठी, वडील ग्वाल्हेर संस्थानात पोलिसांत. थोरले गजानन माधव (१९१७-१९६४) हिंदीत गेले आणि आधुनिक हिंदी कवितेची दिशा बदलून गेले. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहिते राहिले, त्यांची 'क्षिप्रा' ही कादंबरी १९५४ची. एकाच घरातून दोन भाषांतले दोन लेखक. कोणी काठी घेऊन थोरल्याला हिंदीत ढकललं नव्हतं. आजूबाजूचं जग ज्या भाषेत भांडत होतं, तिथे तो गेला. तेव्हा प्रतिकूलता म्हणजे दरवेळी कोणीतरी दुष्ट माणूस समोर लागतोच असं नाही.

रच्याकने (जाता जाता), शेव-उसळीचं कौतुक ऐकून मनोरंजन झालं. इंदूरच्या सराफ्यात खायला या एकदा रात्री.

सूरसागरकाठ

@किंचित_इंदुरी, पोह्यांवर जिलबी खाणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

किंचित_इंदुरी

पोह्यांवर नाही हो, पोह्यांबरोबर. इतका मोठा पूर्वग्रह! यावर मी कादंबरी लिहीन.

जुना_रावपुरा

इतका वेळ गप्प होतो. बडोद्याचा विषय आहे आणि बडोद्यातली सर्वात मोठी गोष्ट अजून कोणी काढली नाही.

१९१७. बाबासाहेब आंबेडकर शिकून परत आले आणि करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले होते. गावात उतरायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणाले. हे सगळं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. मग ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिश्चन. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिश्चन मित्र म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. ते जोडपं मूळचं ब्राह्मण, धर्मांतर झालेलं. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ बाबासाहेबांनी कमाठी बागेत काढला.

ज्याला धागाकर्ती 'चाल' म्हणतात ती इथे घडलेली आहे. आपल्या गावात. सकाळी आपण जिथे फिरायला जातो तिथे.

आगाऊ_अभ्यासू

@जुना_रावपुरा, आदर राखून: ते आत्मकथन आहे. धागा कथा-कादंबऱ्यांचा आहे.

तळ्यात_मळ्यात

@आगाऊ, पण त्यातली पारशी नावाची गोष्ट थेट कादंबरीच्या मुलखात जाते. नाव बदलून, जात किंवा वंश लपवून राहणारा माणूस हा विसाव्या शतकातल्या कथांमधला मोठा नायक आहे. नेला लार्सन यांची 'पासिंग' (१९२९) बघा. क्लेअर काळी आहे पण गोरी म्हणून खपते, नवरा वंशद्वेष्टा गोरा, त्याला पत्ताच नाही. फिलिप रॉथच्या 'द ह्यूमन स्टेन'मधला (२०००) प्राध्यापक सिल्क काळ्या घरात जन्मलेला, आयुष्यभर गोरा ज्यू म्हणून वावरतो, आणि शेवटी त्याच्यावर आरोप येतो तो काळ्या विद्यार्थ्यांविषयी वर्णद्वेषी बोलल्याचा!

आता उधना आणि हे शेजारी ठेवा. लपवणाऱ्याचं सुख कसं असतं ते या पुस्तकांत फार बारकाईने येतं. क्लेअरला फक्त भीती वाटत नाही, तिला धोक्याची चटक लागलीय. हार्लेमला परत परत येते ती. ती बळी आहे, धाडसी आहे, स्वार्थी आहे, आणि मोहक आहे. मृण्मयीताई, 'अपमानापेक्षा मोठं पात्र' मागत होतात ना, घ्या ही. पुस्तकही छोटं आहे.

पारिजात

वाखुसा (वाचनखूण साठवली). 'पासिंग' मागवते. शेवट सांगू नका कोणी, विशेषतः आगाऊ.

जुना_रावपुरा

@आगाऊ, आत्मकथन आहे हे मान्य. मला वेगळंच म्हणायचं होतं, नीट मांडलं गेलं नाही तेवढं आता मांडतो. त्या प्रसंगात बाबासाहेब कोण होते हे आपल्याला माहीत आहे. ते दोन मित्र कोण होते? 'नोकर निघून जातील' म्हणणारा माणूस त्या रात्री जेवला का? बायकोशी काय बोलला? स्वतःला उदारमतवादी समजत असणार तो. मित्र म्हणवत होता ना! कादंबरी तर तिथे आहे. ज्याला हाकललं त्याची ओळख कशी घडली यावर इतकं लिहून झालं. ज्याने दार उघडलं नाही त्याचीही ओळख त्याच दिवशी घडली, ती कोणी लिहीत नाही.

आणि बडोद्याच्या मराठी माणसाने लिहायची असेल तर हीच. कारण आपण त्या दाराच्या आतल्या बाजूला होतो.

वाटसरू_उधना

+१०० जुना_रावपुरा. हे वाक्य छापून लावा.

सूरसागरकाठ

@जुना_रावपुरा, 'आपण' म्हणजे कोण पण? मी मूळचा कोल्हापूरकडचा, आजोबा इथे रेल्वेत लागले. आमचा राजवाड्याशी संबंध नाही. गुजराती शेजारी आम्हाला 'दक्षिणी' म्हणायचे, प्रेमाने असेल, पण म्हणायचे. नवीन भागात फ्लॅट बघायला गेलो तर पहिला प्रश्न मांसमच्छीचा. एका ठिकाणी तर होकार देऊन, टोकनची रक्कम घेऊन, मग परत केली. कमिटीचं म्हणणं पडलं की 'आमच्यासारखे' शेजारी बरे. कोण दाराच्या आत आणि कोण बाहेर?

मांडवीची_मावशी

@सूरसागरकाठ, दोन्ही, बाळा. मी साठी ओलांडलेली बाई आहे, स्पष्ट लिहिते. आमच्या वाड्यात मोरीपाशी कोनाड्यात भांडी घासणाऱ्या बाईचा कप वेगळा असायचा. कान तुटलेला. आणि त्याच वाड्यातले आम्ही, पुढे सोसायटीत राहायला गेलो तेव्हा मटण खातो म्हणून जिन्यात नाकं मुरडली जायची. सासूबाई तेव्हा रडल्या होत्या. "आपल्याला अशी वागणूक?" म्हणाल्या. कप तोवर नवीन घरातही आला होता, वेगळाच ठेवलेला.

'फाइन बॅलन्स'मध्ये दीनाबाई सुरुवातीला शिंप्यांचे कप वेगळे ठेवते ना, तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. पारशी बाई, स्वतः भावाच्या जाचातून निसटलेली, एकटी, भाडं थकायच्या भीतीत जगणारी. तरीही कप वेगळे. मग हळूहळू एकाच स्वयंपाकघरात पोळ्या लाटल्या जातात. कोणी भाषण करत नाही, कोणी 'आता मी सुधारले' म्हणत नाही. आगाऊ, तुम्हाला शेवटाचा राग आला, मला मधल्या भागाने ते पुस्तक दिलं.

पारिजात

मावशी _/\_

आगाऊ_अभ्यासू

मावशी, मधल्या भागाबद्दल वाद नाही. पण मग लेखकाने तो मोडायला इतकी घाई का केली, हा माझा प्रश्न तसाच राहतो. आणीबाणी क्रूर होती हे कळायला आम्हाला प्रत्येक पात्राचा अवयव लागत नाही.

टाचणी

मी अनुवादाचं काम करते, त्यामुळे कथेचे सांधे जरा जास्त दिसतात. मूळ तक्रारीबद्दल कारागिरीच्या बाजूने बोलते.

अपमान लेखकाला आयता मिळतो. दोन माणसं समोरासमोर, एकाकडे सत्ता, दुसऱ्याला काहीतरी हवंय: खोली, पाणी, नोकरी. संवाद आपोआप धार धरतो, वाचक लगेच बाजू घेतो. याउलट माणूस वर्षानुवर्षं कोणत्या बाजारात हिंडला, आईकडून कोणतं कालवण शिकला, कामावर त्याचा हात कसा बसला, हे सगळं संथ. ते प्रसंगात बसवायला कसब लागतं. म्हणून कच्चा लेखक पहिल्यावरच भागवतो.

माझी कसोटी साधी आहे. अपमानाचे प्रसंग मनातल्या मनात काढून टाका आणि बघा उरलेल्या पानांवर कोणी चालतं-बोलतं माणूस राहतं का. ईश्वर-ओम राहतात, त्यांचं शिवणकाम राहतं, अश्रफचाचा या मुस्लिम शिंप्याच्या दुकानातले दिवस राहतात. १९४७ला त्याच अश्रफला दंगलखोरांपासून वाचवणारे ईश्वर आणि त्याचा भाऊ नारायण राहतात. इफेमेलू राहते, तिची तिरकस जीभ राहते. कितीतरी 'महत्त्वाच्या' पुस्तकांत मात्र काहीच उरत नाही, नावं घेत नाही, मला अजून कामं मिळायला हवीत.

मृण्मयी_बडोदा

@टाचणी, ही कसोटी पुढच्या बैठकीत वापरणार. काकांना आवडेल, त्यांना कसोटी हा प्रकारच आवडतो.

चरोतर_एक्सप्रेस

कोणीच गुजराती पुस्तक सुचवलं नाही याचं आश्चर्य वाटलं नाही. आपण बडोद्यात चार पिढ्या काढतो, गुजरातीत हिशेब करतो, भांडतो, गरबा खेळतो. कादंबरी मात्र पुण्याहून मागवतो.

जोसेफ मॅकवान यांची 'आंगळियात' वाचा. १९८६ची. १९८९चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे. चरोतरातल्या वणकर या विणकर दलित समाजाची गोष्ट, म्हणजे इथून आणंदच्या बाजूला गेलं की तोच मुलूख. समोर पाटीदारांची सत्ता आहे, अत्याचार आहे, सगळं आहे. पण टीहो हा विणकर आहे. माल कसा विकायचा, शब्द कसा पाळायचा, मैत्री कुठवर न्यायची, याची त्याची स्वतःची घमेंड आहे. आणि बोली! चरोतरची बोली अशी कानात घुमते की प्रमाण गुजरातीवाल्यांनाही थांबून वाचावं लागतं. टाचणीताईंची कसोटी लावा, पुस्तक टिकतं.

शिवाय समाजाच्या आतले ताण आहेत. नातरं (बाईचं दुसरं लग्न), पंच, आपल्यातच कोण वरचढ. बाहेरून मार खाणारा समाज आतून एकजीव असतो ही वाचकाची सोय आहे, मॅकवान ती देत नाहीत.

वाटसरू_उधना

@चरोतर, शेवटच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) याच कारणासाठी सुचवतो. कोकणातलं गाव, मुंबईहून परतलेला मुस्लिम निवेदक, हिंदू-मुस्लिम तेढ. तो दोन्हीकडे परका. आपल्या लोकांकडेही तो तितक्याच कोरड्या नजरेने बघतो. मराठीत असलेलं, लहान, आणि साठ वर्षं झाली तरी झोंबणारं.

पारिजात

बाईच्या बाजूने एक. टोनी मॉरिसन, 'द ब्लुएस्ट आय' (१९७०). पिकोला या काळ्या मुलीला निळे डोळे हवे असतात, एवढीच तिची प्रार्थना. गोरे लोक त्या पुस्तकात मोजकेच आहेत. तिला घरातून हुसकावून देणारी जेराल्डीन स्वतः काळीच, फक्त उजळ, नीटनेटकी, 'आपण त्यांच्यातले नाही' म्हणणारी. आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ' लिहिणाऱ्यांनी ते प्रकरण वाचावं. माझी आत्या मला लहानपणी हळद-साय चोळायची आणि स्वतः माझ्याहून सावळी होती.

पूर्वग्रह बाहेरून येतो हे खरं, पण मुक्कामाला घरातच असतो.

शेवउसळ

सगळे फार गंभीर झालात. किरण नगरकरांचं 'रावण अँड एडी' कोणी वाचलंय का? माझगावची चाळ, हिंदू एका मजल्यावर, कॅथलिक दुसऱ्यावर, एकमेकांच्या जगाचा पत्ता नाही. तान्हा रावण वरून पडतो तो थेट एडीच्या बापाच्या अंगावर, बाप खलास. तिथून कादंबरी सुरू! दोन पोरं एकाच चाळीत शत्रू म्हणून वाढतात आणि हसून हसून पुरेवाट. हहपुवा. जात-धर्म सगळं आहे, रडगाणं नाही.

टाचणी

@शेवउसळ, छान आठवण. आणि नगरकर आधी मराठीत लिहायचे, 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) मराठीतच आली. इंग्रजीत गेल्यावर मराठी लोक रुसले. भाषा बदलणाऱ्यावर रुसणं हाही आपला एक पूर्वग्रह आहेच. वरच्या मुक्तिबोधांवर मात्र कोणी रुसल्याचं दिसत नाही, का बरं?

किंचित_इंदुरी

कारण हिंदीवाल्यांनी त्यांना इतकं घट्ट धरलं की आम्हाला रुसायला वेळ मिळाला नाही.

फतेहगंज_पूल

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. आमच्या शहरात वस्त्या ज्या तऱ्हेने वेगळ्या झाल्यात त्यात अशांत धारा कायद्याचाही (१९९१) भाग आहे. लागू असलेल्या भागात घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी लागते. अशा शहरात 'बहुसांस्कृतिक' कादंबरी लिहायची तर दोन पात्रं भेटणार कुठे, हाच लेखकाचा पहिला प्रश्न. माझगावच्या चाळीत निदान जिना सामायिक होता.

कायदेपंडित_नसलेला

अशांत धारा हा घाबरून, पडत्या भावात घरं विकावी लागू नयेत म्हणून आणलेला कायदा आहे. एकच बाजू मांडू नका. आणि गेल्या निवडणुकीत

व्यवस्थापक

कायद्याचा उल्लेख कादंबरीच्या संदर्भात चालेल. निवडणुका दुसऱ्या धाग्यावर. वरचा प्रतिसाद तिथून पुढे कापला आहे.

फतेहगंज_पूल

कायद्याचा हेतू नाकारला नाही. दोन पात्रं भेटणार कुठे एवढंच विचारलं. माझं उत्तर: युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, सयाजी इस्पितळाच्या रांगेत, आणि शिंप्याकडे.

जुना_रावपुरा

@फतेहगंज_पूल, पहिला प्रतिसाद असेल तर दुसरा लवकर द्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मृण्मयीताईंनी पुस्तक मागितलं होतं आणि मी फक्त इतिहास सांगून बसलो. रवींद्रनाथांची 'गोरा', १९१०. हिच्यात नायकाला कोणी जातीवरून हाकलत नाही, हाकलणारा तोच आहे. गोरा कडवा, कर्मठ, आईच्या खोलीत पाणीसुद्धा घेत नाही, कारण आनंदमयीने लछमिया ही ख्रिश्चन दासी ठेवलीय. आणि वाचकाला कळतं की तो स्वतः १८५७च्या धामधुमीत अनाथ झालेलं, आयरिश माणसाचं पोर आहे. त्याला ते शेवटी कळतं. म्हणजे इतकी वर्षं जी ओळख तो छाती काढून मिरवत होता, ती उभी होती पाळलेल्या विटाळावर. सोसलेल्या नव्हे.

काका विचारतात ना, लाथ बसेपर्यंत हा कोण होता? गोराला विचारा, लाथ मारणारा कोण होता.

पारिजात

शेवट सांगितलात ना तुम्हीपण!!

आगाऊ_अभ्यासू

@पारिजात, यावेळी मी नव्हतो. एकशे दहा वर्षं होऊन गेली ताई पुस्तकाला.

वाटसरू_उधना

@जुना_रावपुरा, 'गोरा'बद्दल एक खटका आहे. त्याला ओळख मोडल्यावर मोकळं वाटतं. मी आता कोणत्याच जातीचा नाही, सगळा देश माझा, असं. बागुलांच्या निवेदकाला ती सवलत नाही. जात गळून पडायची तर ती आधी वरची असावी लागते असं दिसतं. तरी कट्ट्यावर दोन्ही एकाच बैठकीत वाचा, मजा येईल.

जुना_रावपुरा

या खटक्याला माझ्याकडे उत्तर नाही. दोन्ही एकत्र वाचायला पूर्ण पाठिंबा.

मांडवीची_मावशी

मी तुमची ती दाराआतली गोष्ट लिहायला घेतली होती, फार पूर्वी. कपाची. दहा-बारा पानं झाली होती. घरात वाचून दाखवली. लेक म्हणाली छान आहे, दीर म्हणाले, "वहिनी, आडनाव तेवढं बदला."

शेवउसळ

मावशी, पारशी घ्या. बडोद्यात परंपरा आहे.

मांडवीची_मावशी

मेल्या! :) वही शोधते.

मृण्मयी_बडोदा

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. माझी तक्रार अजून आहे, पण ती आता अपमान दाखवण्यावर नाही, अपमान करणाऱ्याला कोरा ठेवण्यावर आहे. विखारी वाक्य बोलून तो माणूस प्रसंगातून निघून जातो आणि पुन्हा दिसत नाही, हे मला डाचत होतं बहुधा. काकांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग तसं लिहून दाखवा ना कोणीतरी."

पुढची बैठक 'गोरा' आणि 'जात चोरली होती' एकत्र. 'पासिंग' त्यापुढची. 'आंगळियात' आमच्या गुजराती सुना मोठ्याने वाचणार आहेत, मूळ बोलीत, आम्ही ऐकणार. @फतेहगंज_पूल, तुम्ही गावातच आहात, या. @मांडवीची_मावशी, वही सापडली तर घेऊन या, सापडली नाही तरी या.

सूरसागरकाठ

'गोरा'चा मराठी अनुवाद मध्यवर्ती ग्रंथालयात बघून कळवतो. तिथे नसला तर माझ्याकडची हिंदी प्रत आहे, पहिली काही पानं उंदरांनी खाल्लीत.

शेवउसळ

आणि शेव-उसळीच्या दुकानाचं नाव अजून मिळालेलं नाही.